शिंगाडेबाईंचा शनिवारचा तास

परवा एका सभागृहात आमच्या माजी हेडसरांचा सत्कार झाला. टाळेबंदीच्या काळात 'घरच्या घरी आरोग्य' नावाचा उपक्रम राबवल्याबद्दल शाल, नारळ आणि भलीमोठी ट्रॉफी. मागच्या पडद्यावर फोटो लावला होता. मोबाइलवरच्या वर्गाचा फोटो, त्यात छोट्या छोट्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत आमच्या शाळेची एकेक मुलगी तोंडाला तांब्या लावून पाणी पितेय. लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण ते मोकळे ठेवले असते तर काय केलं असतं याची मला खात्री नव्हती. सर माईकवर म्हणाले, "मुलींच्या आरोग्याची तळमळ मला स्वस्थ बसू देईना." अहो सर, त्या दिवशी तुम्ही फोनवर माझ्या अंगावर काय ओरडत होता ते सांगू का इथे? शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला म्हणून मी उठले नाही. चहासुद्धा न घेता घरी आले आणि चप्पल काढल्या काढल्या हे लिहायला बसले. त्या फोटोतली वरच्या कोपऱ्यातली एक चौकट कापून टाकली होती. त्या चौकटीत शिंगाडेबाई होत्या.

शिंगाडेबाई आमच्या कन्या प्रशालेत पी.टी. शिकवायच्या. कागदोपत्री त्या विषयाला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' म्हणतात, स्टाफरूममध्ये पी.टी. म्हणतात आणि हेडसर 'ते उड्यांचं' म्हणायचे. बाई करमाळ्याकडच्या एका खेड्यातल्या. अंगानं काटक, उन्हानं रापलेल्या, साडीवर ट्रॅकसूटचं निळं जाकीट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाकार्यालाही तेच बूट. सोलापुरात येऊन केस पिकले तरी बोली गावाकडचीच राहिली होती. स्टाफरूममधल्या काहीजणी त्यांच्या 'हितं-तितं'ची नक्कल करून हसायच्या. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हसा की. हसल्यानं पोटाचा व्यायाम व्हतो. तेवढाच तुमचा." त्यानंतर नक्कल जरा हळू आवाजात व्हायला लागली.

बाईंची सगळ्यात मोठी खोड म्हणजे दुसऱ्याची पाठ. कुणी वाकून बसलेलं त्यांना बघवत नसे. मागून येऊन मणक्यावर बोटाचं पेर टेकवायच्या आणि म्हणायच्या, "पाठ सरळ! कणा हाय का वळकटी?" मुलींना म्हणायच्या, शिपायाला म्हणायच्या, वह्या तपासत बसलेल्या मला तर रोज म्हणायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब हेडसरांच्या खुर्चीत रेलून पेंगत होते. बाई कसल्याशा कामाला आत गेल्या आणि सवयीनं साहेबांना तेच म्हणाल्या. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र दचकून ताठ झाले आणि जाईपर्यंत तसेच ताठ बसून राहिले.

गोड बोलणं त्यांना जमत नसे. खो-खोत एखादी मुलगी सुरेख सूर मारून गडी बाद करायची, आम्ही टाळ्या पिटायचो, आणि बाई म्हणायच्या, "बरं हाय. गुडघा फुटला का बघ आधी." स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांतली एक मॅच मात्र तोंडभर सांगायच्या. त्या मॅचमधला समोरचा संघ दर वेळी वेगळ्या गावाचा असायचा आणि बाई दर वेळी थोडं जास्त वेळ नाबाद असायच्या. उशिरा आलेल्या मुलीला मैदानाच्या चकरा मारायला लावत, ती कारण सांगत रडली तरी. हे मला पटत नसे आणि मी तसं तोंडावर सांगितलं. कडाक्याचं भांडण झालं, थोडे दिवस अबोला, मग एका दुपारी त्यांनी न विचारता माझ्या डब्यात शेंगाचटणी वाढली आणि विषय मिटला.

बिराजदार सरांशी मात्र अबोला कायमचा. बिराजदार सर गणिताचे. भांडण पी.टी.च्या तासावरून. आपल्याकडच्या शाळांत पी.टी.चा तास म्हणजे धर्मशाळा, ज्याचा पोर्शन राहिला त्यानं यावं आणि पथारी पसरावी. बाकीचे निदान "बाई, तेवढा तास देता का" असं विचारायचे तरी. बिराजदार सर थेट खडू घेऊन वर्गात शिरायचे. एका दुपारी सर फळ्यावर वर्तुळ काढत असताना बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी शिट्टी मारली. मुली सवयीनं उठल्या, रांग केली आणि मैदानावर! सर खडू हातात घेऊन एकटेच उरले. "ही काय पद्धत झाली?" सर ओरडले. बाई म्हणाल्या, "तुमी माझा तास नेता तवा पद्धत कुटं असती?" तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काही निरोप असला की मधे मी.

तासावर बाईंचा एवढा जीव का, ते सांगितलं पाहिजे, म्हणजे माझा संताप कळेल. बाई कायम नव्हत्या. दर जूनला संस्था त्यांना नेमणुकीचा नवा कागद द्यायची आणि तो वेळापत्रक बघून द्यायची. वेळापत्रकात पी.टी.चा तास असेल तर बाई, नसेल तर रामराम. एवढी वर्षं मुलींच्या पिढ्या घडवलेली बाई, आणि तिची नोकरी टांगलेली कुठे, तर वेळापत्रकातल्या एका चौकोनाला! मी कायम आहे. मराठी शिकवते. माझा तास कधी कुणी मागितला नाही.

टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाइलवर आली. आम्हांला ऑनलाइन प्रशिक्षण झालं. गणित कसं शिकवायचं, इंग्रजी कसं, विज्ञानाचे प्रयोग घरात कसे दाखवायचे. बाईंनी हात वर केला. पडद्यावरचं हात वर करायचं बटण त्यांना सापडलं नव्हतं, म्हणून खराखुरा हात वर करून बसल्या, किती तरी वेळ. कुणी बघेना. शेवटी मीच मधे बोलले. मग बाईंनी विचारलं, "खेळाचं कसं घ्यायचं?" प्रशिक्षक हसले. म्हणाले, "मॅडम, योगाची एखादी लिंक टाकून द्या ग्रुपवर. पी.टी.ला कोण विचारतंय सध्या?" झालं! सगळ्या विषयांना पुस्तिका, व्हिडिओ, मार्गदर्शक, आणि ज्या विषयाच्या नावातच आरोग्य आहे त्याला साथीच्या दिवसांत एक लिंक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी मला नंतर फोन केला आणि एवढंच विचारलं, "लिंक म्हंजी काय असतंय ओ, कदमबाई?"

मोबाइलवरच्या शाळेचं वेळापत्रक आलं, त्यात पी.टी. नव्हतं. त्या वर्षीचा बाईंचा कागद तेवढा आधीच निघाला होता. 'पी.टी.वाल्या रिकाम्याच आहेत' म्हणून बाईंना घरोघरच्या तपासणीला लावलं. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या गल्ल्यांतून त्या ताप मोजत, लोकांच्या बोटांना ऑक्सिजनची चिमटी लावत फिरल्या. आमच्या निम्म्या मुली त्याच गल्ल्यांतल्या. माग बंद पडलेले, बाप दिवसभर घरी, आया मांडीवर सूप घेऊन विड्या वळताहेत आणि शाळा बंद म्हणून मुलीही शेजारी बसून विड्या वळताहेत. बाई तिथून थेट हेडसरांच्या कार्यालयात आल्या. मी पुस्तकं न्यायला गेले होते म्हणून सगळं ऐकलं.

"सर, पोरींच्या पाठी वाकल्या पार. तास द्या मला."

"अहो बाई, फोनवर कसली कवायत? कशाला स्वतःचं हसं करून घेताय?"

"हसं माझं हुईल की. तुमचं काय जातंय?"

सरांनी शनिवारी सकाळचा तास दिला, कुणी येणार नाही या खात्रीनं दिला. "लिंक कदमबाई लावतील," म्हणाले. लिंक लावणं सरांना स्वतःला येत नव्हतं, काढणंही येत नव्हतं. मी होच म्हटलं.

पहिला शनिवार म्हणजे नुसता गोंधळ. बाई आमच्या गच्चीवर आल्या. स्टुलावर डबे रचून मी त्यांचा मोबाइल टेकवला आणि लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसले. बाईंनी छाती भरून शिट्टी फुंकली. आमच्या टाकीवरची कबुतरं उडाली, पण मुलींना काहीच ऐकू गेलं नाही. ते ॲप शिट्टीला गोंगाट समजून गिळून टाकतं हे आम्हांला कुठे ठाऊक! मुलींना दिसलं ते एवढंच, की बाई गाल फुगवून डोळे वटारताहेत. त्या फिदीफिदी हसायला लागल्या. मग बाईंनी तोंडानं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, चार. आवाज कुणाकडे आधी पोचतोय, कुणाकडे नंतर. एकीचे हात वर, दुसरीचे खाली, तिसरी अजून उभीच राहतेय. "उड्या!" म्हटल्यावर कुणाचा हात ट्यूबलाइटला, कुणाचा पाय झोपलेल्या आजीवर, कुणाच्या खालच्या मजल्यावरून शिव्या. तास संपला तेव्हा बाई घामानं निथळत होत्या. मला वाटलं, गेला हा तास. आता हेडसर म्हणणार, बघा, मी सांगितलं नव्हतं?

पुढच्या शनिवारी बाईंनी शिट्टी आणलीच नाही. त्या घरांत त्या स्वतः जाऊन आल्या होत्या, कुणाकडे उभं राहायला केवढी जागा आहे ते त्यांनी बघितलेलं होतं. "सतरंजी टाका," म्हणाल्या. "पाय सतरंजीच्या भाईर गेला न्हाय पायजे. गेला की बाद." मुलींना ते आवडलं, कारण त्यात खेळ होता. उड्या बंद, मोजणं बंद, प्रत्येकीनं आपापल्या श्वासावर करायचं. भिंतीला पाठ लावून खाली बसायचं, उंबऱ्यावर टाच टेकून पोटऱ्या ताणायच्या. विड्या वळून आखडलेली बोटं, मनगट, खांदे, मान, सगळ्याला काहीतरी होतं. "अन् आईला बी उठीव, ती काय लोखंडाची हाय?" असं म्हणायच्या. हळूहळू चौकटींत मुलींच्या मागे पदर दिसायला लागले. एक आई तेलुगू वळणाच्या मराठीत मागूनच म्हणाली, "बाई, माझं मान लई दुखतंय, त्याला काय हाय?" बाई म्हणाल्या, "पुढं या. मागं बसला तर मान दिसंना मला." त्या माउलीनं मुलीला बाजूला सारलं आणि कॅमेऱ्यासमोर मान वळवून दाखवली.

गणिताच्या तासाला मुली नसायच्या एवढ्या शनिवारी यायला लागल्या. बाईंचा चेहरा कधी खुलत नसे, पण एका दिवशी जिना उतरताना मला म्हणाल्या, "त्यांना निरोप द्या, पायजे तर माझ्या तासातल्या थोड्या पोरी देते." तो निरोप मी बिराजदार सरांना जशाच्या तसा दिला. सर चक्क हसले.

नववीतली लावण्या आमच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ पोर. एका शनिवारी साधे हात वर करता करता ती मटकन खाली बसली. बाई मोबाइलच्या अगदी जवळ गेल्या.

"काय खाल्लंस?"

"चहा-खारी."

"पाणी कवा प्यालीस?"

बाईंनी पुन्हा विचारलं.

"काल, बाई. दुपारी."

"का गं? नळ गेलाय का?"

तिनं दाराकडे बघितलं, तोंड फोनजवळ आणलं आणि हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की जावं लागतं. संडासच्या वाटेवर माणसं बसत्यात."

बाईंनी एकेका चौकटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आजून कोण कोण पाणी पीत न्हाय? हात वर करा." एका चौकटीत हात वर गेला. मग दुसऱ्या. मग एकेक करत इतक्या चौकटींत हात वर गेले, की मला लॅपटॉपकडे बघवेना. रस्त्यावरच्या कट्ट्यावर बसलं की पोलिसांची काठी बसायची, म्हणून गल्ल्यांतल्या पुरुषांनी आपली बैठक आत, सार्वजनिक संडासाच्या तोंडाशी असलेल्या कट्ट्यावर हलवली होती. दिवसभर तिथे पत्ते आणि गप्पा. कोण पोरगी किती वेळा गेली याच्यावर विनोद. आणि या लेकरांनी त्याच्यावर काय उपाय काढला, तर पाणीच पिणं सोडलं! महिनोन् महिने घराघरांतून कुणाला कळलं नाही. साऱ्या जगानं त्या दिवसांत आरोग्य, आरोग्य म्हणून डोकं उठवलं होतं.

बाईंनी साडीचा पदर खोचला. "समद्या जणींनी आवाज मोठा करा," म्हणाल्या. "फोन दारात ठेवा. भाईरच्या बाजूला तोंड करून." मला कळेना काय चाललंय. मुलींनी मुकाट्यानं फोन उचलले. चौकटींत आता घरं गेली आणि गल्लीचे तुकडे दिसायला लागले, एखादी सायकल, वाळत घातलेल्या चादरी, दूरवर बसलेल्या माणसांचे पाय.

"मी शिंगाडेबाई बोलतीय, कन्या प्रशालेची," बाई खो-खोच्या मैदानावरच्या आवाजात सुरू झाल्या. "गल्लीतल्या माणसांनो, ऐका. तुमच्या पोरी पाणी पीत न्हाईत. का, तर तुमी संडासच्या वाटेवर बसताय. पाणी न्हाय प्यालं की लघवीला आग हुती, चक्कर येती, पोट दुखतं. पाळीत तर दिवसदिवस कापड बदलत न्हाईत, कारण तुमच्यासमोरनं जायचं. ताप बघायला मी आले तवा कसे हात पुढं करत होता! मग घरातल्या पोरीचं कोण बघणार? उठा तितनं. पत्ते घरात खेळा."

गल्लोगल्ली एकाच वेळी, दारादारातून बाईंचा आवाज. एक माणूस उठला, मग आणखी काही. कुणीतरी शिवी दिली तीही आम्हांला ऐकू आली.

संध्याकाळपर्यंत त्याची चित्रफीत गावभर फिरली. लावण्याच्या गल्लीतल्या कट्ट्यावर बसणाऱ्यांत आमच्या संस्थेच्या एका संचालकाचा मेहुणाही होता. झालं, नाकाला मिरच्या झोंबल्या. सोमवारी हेडसरांनी बाईंना बोलावलं, आणि लिंक मी लावत असल्यामुळे मलाही.

"पाळी! लघवी! असले शब्द, तेही भर गल्लीत?" सर ओरडले. "शाळेची अब्रू चव्हाट्यावर आणलीत तुम्ही!"

"पुस्तकात हाय की, सर. आरोग्याच्या धड्यात."

"पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या! माफी मागा आधी!"

मी म्हटलं, "सर, माफी कुणाला मागायला लावायची असेल तर त्या कट्ट्याला लावा."

"कदमबाई, तुम्ही लिंकपुरतं बघा." मग बाईंकडे वळून सर म्हणाले, "येत्या शनिवारी त्याच वर्गात जाहीर माफी मागायची. संस्थेचे सचिवसाहेब स्वतः हजर राहणार आहेत. नाहीतर जूनच्या कागदाचं माझ्याकडून विसरा. तासही बंद."

स्टाफच्या ग्रुपवर मी सगळा प्रकार लिहिला. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी सुविचार टाकला, बाकीच्यांनी वाचून सोडून दिलं. चीड येते मला अजून! या बायका स्वतः मुलींच्या आया होत्या. फक्त बिराजदार सरांचा फोन आला. "त्यांना सांगा," म्हणाले, "शनिवारी मी गणिताचा जादा तास ठेवला होता, तो रद्द केलाय. सगळ्या मुली तिकडेच येऊ देत."

निरोप मी बाईंना दिला. त्या म्हणाल्या, "कदमबाई, माफी मागितली तर तास ऱ्हातोय. तास ऱ्हायला तर पोरींवर माझी नजर ऱ्हाती. न्हाय मागितली तर त्या कट्ट्यावाल्यांचं राज्य. काय करू?" इतक्या वर्षांत बाईंनी मला 'काय करू' असं पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्ही ठरवाल ते.

शनिवारी हेडसर टाय लावून चौकटीत बसले होते. सचिवसाहेब त्यांच्या बंगल्यातल्या देवघरासमोर. मुली सगळ्या हजर, एकही हसत नव्हती. बाई मोबाइलसमोर उभ्या राहिल्या.

"मला माफी मागायला सांगितलीय," त्या म्हणाल्या. "मागते. पोरींनो, तुमी पाणी पीत न्हाईसा हे मला लई उशिरा कळलं. तुमची पी.टी.ची बाई असून कळलं न्हाय. मला माफ करा." सचिवांनी मान डोलावली, मग काहीतरी चुकतंय असं वाटून थांबवली. "आता उठा. एकेक तांब्या भरून आणा अन् माझ्यासमोर प्या. सावकाश. लावण्या, नीळ्ळु तागु!" पाणी पी, एवढं तेलुगू बाई त्या पोरींकडूनच शिकल्या होत्या.

परवा सभागृहात लावलेला फोटो तो हाच. मुली तांब्या तोंडाला लावून पिताहेत, आणि त्याच क्षणी माझा फोन वाजतोय. "बंद करा! लिंक बंद करा ती!" हेडसर किंचाळत होते. "सर? हॅलो? आवाज तुटतोय तुमचा," मी म्हणत होते. चौकटीत सर तावातावानं ओरडताना मला दिसत होते, आणि त्यांना लिंक काढता येत नव्हती. देवाची कृपा!

पाणी पिऊन झालं. बाई म्हणाल्या, "आता थांबायचं, आज घाई न्हाय. मग ज्या त्या गल्लीतल्या समद्या जणींनी मिळून जायचं. एकटीनं न्हाय. रांग करून, मैदानावर जाता तशा. कोण बसलं असंल तर बसू द्या, तुमी थांबायचं न्हाय. फोन घरीच ठेवा. मी हाय हितं." थोड्या वेळानं चौकटी रिकाम्या व्हायला लागल्या. मुली गेल्या, काहींच्या आयाही गेल्या. उरल्या नुसत्या खोल्या, विड्यांची सुपं, खाट, भिंतीवरचं कॅलेंडर. त्या रिकाम्या खोल्यांच्या मधोमध हेडसर आणि सचिव, खाली मान घालून. बाई हलल्या नाहीत. मुली एकेक करून परत येईपर्यंत उभ्या होत्या. लावण्या धापा टाकत आली आणि म्हणाली, "बाई, उठले ते! समदे उठले!"

"बरं हाय," बाई म्हणाल्या.

जूनला कागद आला नाही. शनिवारच्या तासाच्या जागी वेळापत्रकात 'स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन' छापलं गेलं. संस्थेनं कारणसुद्धा दिलं नाही. मी भांडायला गेले तर हेडसर म्हणाले, "अहो, पदच नाही तर बाई कुठून?" पुढे शाळा उघडली तेव्हा मैदानावर संस्थेच्या गाड्या लागायला लागल्या. बाई आता करमाळ्याला भावाकडे असतात. फोन केला तर तब्येत बरी आहे म्हणतात आणि माझ्याच पाठीची चौकशी करतात. सोलापूर सोडण्याआधी मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या जूनमध्ये.

निर्बंध थोडे सैल झाले होते. मी बाईंच्या खोलीवर गेले तर कुलूप. घरमालकीण म्हणाली, "त्या रोज सकाळी विडीवाल्यांच्या गल्लीत जातात." विचारत विचारत मी तिथे पोचले. संडासाच्या वाटेवर तो कट्टा, आणि कट्ट्याच्या मधोमध शिंगाडेबाई मांडी ठोकून बसलेल्या. एका अंगाला पिशवी, दुसऱ्या अंगाला छत्री आडवी टाकलेली. दुसऱ्या कुणाला टेकायलासुद्धा जागा उरली नव्हती. गल्लीतले पुरुष समोरच्या भिंतीपाशी ताटकळत उभे. आठवडा गेला आणि ते परत येऊन बसायला लागले होते, म्हणून बाई त्यांच्या आधी येऊन बसायच्या.

"बाई, नोकरी गेली म्हणं तुमची," त्यांतला एकजण खवचटपणे म्हणाला.

"व्हय की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर येळच येळ हाय."

लावण्या पाण्याचा डबा घेऊन आली, पुरुषांकडे ढुंकूनही न बघता पुढे गेली. बाईंनीही तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली होती. मी विचारलं, "असं किती दिवस बसणार तुम्ही?"

"ह्यांला कटाळा येईस्तवर." बाईंनी छत्री उचलली आणि कट्ट्यावर हात आपटला. "उभ्या का? बसा की. मला च्या पिऊन यायचाय. तवर जागा धरा."

मी बसले. बाई जाकीट झटकत गल्लीच्या तोंडाकडे निघाल्या, वाटेत एका नळावर थांबून कुणाच्या तरी पोरीशी काहीतरी बोलल्या आणि कोपऱ्यावरून वळल्या. त्या दिसेनाशा झाल्या तसा तो खवचट माणूस भिंत सोडून पुढे आला.

"बाई, जरा सरका की," तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाही सरकणार."